सातवा फर्मा

पुस्तक हातात आलं की काका आधी त्याची कड बघायचे. नाव नाही, लेखक नाही, वरचं चित्र तर मुळीच नाही. मिटलेलं पुस्तक डोळ्यांसमोर आडवं धरायचे, पानांची कड उजेडाकडे करायचे आणि मळ कुठवर पोचलाय ते पाहायचे. पहिली पन्नास पानं काळपट आणि पुढची पांढरी, म्हणजे लोकांनी मध्येच सोडून दिलेलं. मळ पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत सारखा असेल तर चोपडी चांगली. आमच्या बडोद्याच्या मराठीत पुस्तकाला सर्रास चोपडी म्हणतात, आणि ‘ना’च्या जागी ‘ने’. पुण्याचे पाहुणे हसतात त्यावर, हसेनात का.

काका म्हणजे ग्रंथालयाच्या तळमजल्यावरचे बांधणीवाले. फाटकी पुस्तकं वरून खाली यायची, काका त्यांची शिवण उसवायचे, नव्यानं शिवायचे, पुठ्ठा चढवायचे आणि परत वर पाठवायचे. माणूस मराठी, पण गुजराती स्टाफसुद्धा त्यांना काकाच म्हणायचा. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. अंगात बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट आणि खिशात हाडाची पट्टी. ती कागदाची घडी दाबायची पट्टी, पण काका तिनं पाठही खाजवायचे आणि कुणी वाद घातला की टेबलावर आपटायचे.

हात धुण्याचं तर त्यांना वेड होतं. चहा प्यायले की हात धुवायचे, दाराची कडी लावली की धुवायचे, कुणाशी हात मिळवला की तो माणूस जाईपर्यंत कसेबसे थांबायचे आणि धुवायचे. दुसऱ्यानं न धुता कागदाला हात लावला तर त्याची खैर नसे. एकदा आमचे मोठे साहेब भज्यांचा पुडा हातात घेऊन खोलीत शिरले. काकांनी त्यांना दारातच अडवलं आणि पट्टीनं नळ दाखवला. साहेबांनी मुकाट्यानं हात धुतले, आणि आमच्या वाटची भजी बाहेरच्या बाकावर ठेवून गेले.

मी तिथं लागले तेव्हा चौतीस वर्षांची होते. नवऱ्याची गिरणी बंद पडली होती आणि तो मांजलपूरच्या आमच्या घरून रोज करजणला एका नव्या कारखान्यात जाऊ-येऊ लागला होता. घरात दुसरा पगार हवा होता. बांधणीखोलीत खळ लावायला आणि फर्मे जुळवायला बाई हवी आहे असं कळलं, मी गेले. फर्मा म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घालून होणारी सोळा पानांची जुडी. असे वीस-पंचवीस फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. हे काकांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद किती घालायचं ते दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं की ताई, तुम्ही स्वतः वाचता ने काही? मी म्हटलं, थोडंफार.

साफ खोटं. मी जन्मात एकही पुस्तक पुरं केलं नव्हतं, आणि मुलगी कुणाची, तर मराठीच्या मास्तरांची. घरात काचेची कपाटं होती, आजोबांच्या संस्थानी नोकरीच्या काळापासूनची. येणारा-जाणारा विचारायचा, काय गं, सध्या काय वाचतेस. वडिलांनी दहाव्या वर्षी माझ्या हातात जे पुस्तक ठेवलं त्यात पहिली चाळीस पानं एका सद्गृहस्थाचं मन पश्चात्तापानं पोळत होतं. एक्केचाळिसाव्या पानापर्यंत मी कधी पोचलेच नाही. दहावीला मी मराठीतच नापास झाले. तेव्हा चार पाहुण्यांसमोर वडील शांतपणे म्हणाले, "हिच्या हातून एक पुस्तक तडीस जायचं नाही." ओरडले असते तर मी विसरून गेले असते. पुढे वडील गेले, कपाटं भावाकडे गेली, आणि ते वाक्य तेवढं माझ्या वाट्याला आलं.

आठवडाभरानं मी काकांना खरं काय ते सांगून टाकलं. दिवसभर हातांनी पुस्तकं जोडायची आणि आत काय आहे ते ठाऊक नाही, हे मला सहन होईना. मी म्हटलं, मला एक जाड कादंबरी वाचायची आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. एकही पान न गाळता. काका हसले नाहीत. उठले, हात धुतले आणि शिवायला आलेल्या पुस्तकांच्या ढिगाकडे गेले.

त्या ढिगात निम्म्याहून जास्त कादंबऱ्या जादूच्या, नाहीतर यानांच्या आणि परग्रहांच्या. मी बिचकले. आमच्याकडे अशा पुस्तकांना थिल्लर म्हणत. मी तसं बोलून दाखवलं तर काकांनी पट्टी आपटली. म्हणाले, "ताई, थिल्लर चोपडी माझ्याकडे वर्षातून दोनदा शिवायला येते. भारी चोपडी वर कपाटात पडून आहे, तिची शिवण अजून छापखान्याची आहे." 

त्यांची निवडायची रीत अशी. आधी कड. मग मागची तारखांची चिठ्ठी: शिक्के जवळजवळ पडलेत, की मध्ये सहा-सहा महिने गेलेत. चौदा दिवसांची मुदत असून कुणी चार दिवसांत परत केलं असेल तर त्या तारखेवर पट्टी टेकवून ते माझ्याकडे बघायचे. मग नकाशा. जादूच्या राज्यांच्या कादंबऱ्यांत सुरुवातीला बरेचदा नकाशा असतो, नाहीतर राजांची वंशावळ. ते पान मळून सुटं झालं असेल तर ते पुस्तक नवख्यानं घ्यायचं नाही, कारण वाचणाऱ्याला सारखं मागे येऊन बघावं लागतंय, कोण कुणाचा ते ध्यानात राहत नाहीये. नकाशा स्वच्छ आणि पुढची पानं मळकी असतील तर खुशाल घ्या. पाच भागांची मालिका असली की ते पहिले दोन भाग शेजारी ठेवायचे. पहिला तीनदा शिवलेला आणि दुसऱ्याला अजून मूळची शिवण, म्हणजे पहिल्यातच लोकांचं पोट भरलं, पुढच्या चौघांची चिंता तुम्ही करू नका. हे सगळं ते वैद्य नाडी बघतो तितक्या गंभीरपणे करायचे.

आणि सगळ्यात शेवटी डाग. डागांवर त्यांचा सगळ्यात जास्त भरवसा. पुस्तकांना त्यांनी नावंही डागांवरून दिली होती: हळदवाली, मेणबत्तीवाली, चिवडावाली. मांजावालीत उत्तरायणातल्या गुलाबी मांजाचा तुकडा खूण म्हणून राहून गेला होता. पतंगाच्या दिवशी जो गच्चीवर पुस्तक घेऊन बसतो, त्याला ते पुस्तक किती गोड लागलं असेल विचार करा, असं काका म्हणायचे. गचाळ लोकांवर एरवी त्यांचा भयंकर राग, पण हे डाग ते काढत नसत. डाग लागला म्हणजे त्या पानावर माणूस स्वतःला विसरला, असा त्यांचा हिशोब होता.

ही कीर्ती वरपर्यंत पोचली होती. तिशी-चाळिशीतला कुणी पहिल्यांदाच सभासद होऊन कपाटांसमोर घुटमळायला लागला की काउंटरवरच्या बेन त्याला सरळ खाली पाठवायच्या. एकदा एसटीचा एक ड्रायव्हर आला. रजेवर होता, पाय मोडला होता, आणि त्याला डोकं चालवायला लागणार नाही असं काहीतरी हवं होतं. काकांनी त्याला मेणबत्तीवाली दिली. तिच्या एका आख्ख्या फर्म्यावर मेणाचे थेंब होते. लाइट गेली तरी वाचणाऱ्यानं खाली ठेवली नाही, एवढीच त्यांची शिफारस. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर कुबडी टेकत पुन्हा हजर, आणि अशीच दुसरी द्या म्हणाला.

मी एकदा विचारलं होतं की काका, या चोपडीत आहे तरी काय. ते म्हणाले, मी सांगितलं तर मग तुम्ही काय वाचणार? मला वाटलं, काय शहाणा माणूस आहे.

माझ्यासाठी त्यांनी हळदवाली काढली. तीनशे छत्तीस पानांची. मी ती परत ढिगावर ठेवायला निघाले. काकांनी सुरी घेतली, शिवण उसवली आणि पहिला फर्मा माझ्यापुढे ठेवला. "सोळा पानांना कुणी घाबरत नाही," ते म्हणाले. "बाकीची चोपडी माझ्याकडे. तुम्ही तिकडे बघायचंच नाही."

असं ते सुरू झालं. डबा खाऊन झाला, हात धुऊन दाखवले की फर्मा मिळायचा. घरी न्यायला बंदी. मी ओठ हलवत, ओळीखाली कागदाची पट्टी धरून वाचायचे. सोळा पानांना पहिल्यांदा चार दिवस लागले. डोंगराच्या आत वसलेलं एक राज्य, तिथले डोंगर माणसांशी बोलत, आणि नवी राणी अशी की तिला एकटीलाच ते ऐकू येत नसे. ती ते लपवत होती. दरबारात सगळे डोंगराचं ऐकून मान डोलवायचे आणि हीसुद्धा डोलवायची. काय सांगू, मला माझ्याच घरातली गोष्ट वाटली. पश्चात्तापानं पोळलेला गृहस्थ मला कधी भेटला नव्हता, पण न कळताच मान डोलवणारी ही बाई मी चांगली ओळखत होते. दुसऱ्या फर्म्याला तीन दिवस लागले. पाचव्याला दीड.

काका शिवता शिवता विचारायचे, पुढे काय झालं. मी सांगायचे, ते हं हं करत दाभण ओढायचे. त्यांना सगळं ठाऊक असणार, माझी परीक्षा घेतात, असं समजून मी एकही गोष्ट न सोडता सांगायचे.

सहाव्या फर्म्याच्या शेवटी, शहाण्णवाव्या पानावर, राणी डोंगराच्या पोटातल्या एका बंद दाराशी येते. वाक्य मध्येच तुटलं होतं: "राणीने दार उघडले आणि". सातवा फर्मा मी अक्षरशः हिसकावून घेतला. पहिलेच शब्द होते, "सगळे दिवे विझले." पुढे एकदम एक लोखंडी यान आलं. तीनशे वर्षं झोपलेली माणसं त्यात काळोखात जागी होत होती आणि आपण कुठं आहोत ते त्यांना कळत नव्हतं. राणीचा पत्ता नाही, डोंगराचा नाही. आठव्या फर्म्यात पुन्हा राणी आणि दरबार.

मुरलेला वाचक असता तर त्यानं तिथंच पुस्तक मिटून तक्रार केली असती. मी पडले नवखी. बोलणारे डोंगर एकदा पचवले की लोखंडी यानाचं काय मोठं. मला वाटलं, अशा कादंबऱ्यांत असंच असतं, आपल्यालाच नीट जोडता यायला हवं. दोन दिवस मी खळ ढवळताना तेच डोक्यात घोळवत होते, आणि जोडलंच. ते यान डोंगराखाली पुरलं गेलं होतं. डोंगर बोलतात म्हणजे आत अडकलेली ती माणसं बोलतात. राणीला ऐकू येत नाही, कारण ती मूळची त्यांच्यातलीच! हे सुचलं तेव्हा मी एकटीच मोठ्यांदा हसले. काकांना सांगितलं तर त्यांचा दाभणाचा हात थांबला. वा, म्हणाले, काय डोकं लावलंय लिहिणाऱ्यानं.

एकविसावा फर्मा संपला त्या दिवशी मी रडले, आणि ते काही राणीसाठी नव्हतं. काकांनी कँटीनमधून सेव-उसळ मागवली, बाहेर बाकावर बसून आम्ही ती खाल्ली. रविवारी भावाकडे गेले, तिथं वडिलांची तसबीर आहे, तिच्यासमोर उभी राहिले आणि मनातल्या मनात म्हटलं, गेलं तडीस. घरी मुलीला सगळी गोष्ट सांगितली, यानासकट. तिला यानच जास्त आवडलं.

पुढचं वर्ष मी झपाटल्यासारखी वाचत होते. चिवडावाली, मेणबत्तीवाली, मांजावाली, सगळ्या काकांच्या पसंतीच्या. आता फर्मे नको होते, वरून पुस्तक घरी न्यायचे. घरात केबल आली होती, नवरा आणि मुलगी मालिका बघायचे, मी आतल्या खोलीत दुसऱ्या ग्रहावर.

मग एका दुपारी कॉलेजातून निवृत्त झालेल्या एक बाई खाली आल्या. जुन्या सभासद, स्वभावानं हसऱ्या. त्यांच्या हातात आमच्याकडे शिवलेली एक यानाची कादंबरी होती. म्हणाल्या, काका, यात गंमत झालीय. कप्तान कळ दाबतो आणि समोर सगळे प्रधान बसलेले असतात. काकांनी हात धुतले, पुस्तक घेतलं, शहाण्णव पान बघितलं, सत्त्याण्णव बघितलं, एकशे बारा, एकशे तेरा. म्हणाले, बरोबर आहे की. बाई म्हणाल्या, आकडे बरोबर आहेत हो, जरा वाचून बघा ने. काकांनी वाचलं नाही. पुस्तक माझ्यापुढे केलं आणि म्हणाले, ताई, तुम्ही बघा.

मी बघितलं. माझी राणी होती. दार उघडून प्रधानांसमोर उभी.

दोन्ही कादंबऱ्या एकाच छापखान्यात छापलेल्या. कागद तोच, अक्षर तेच, माप तेच. दोन्ही एकाच वेळी टेबलावर उसवून पडल्या होत्या आणि त्यांचे सातवे फर्मे एकमेकांत गेले होते. बाईंना आम्ही दोन दिवसांत दुरुस्त करून देतो असं सांगितलं, त्या हसत वर गेल्या. मी मात्र जागची हलले नाही. कारण मला आठवलं होतं की ते यान, तो काळोख, ती झोपलेली माणसं, हे सगळं मी याच टेबलाशी बसून काकांना सांगितलं होतं.

मी म्हटलं, "काका, मी तुम्हाला सांगत होते तेव्हाच तुम्हाला कळायला हवं होतं. यान कुठून आलं ते."

काका पट्टी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, असेल तसंच."

"पण तुम्ही वाचलीय ने ती?"

"नाही."

"यानाची?"

"कुठलीच नाही, ताई. एकही नाही."

मला संताप आला. खरं सांगते, इतका राग मला नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हाही आला नव्हता. वर्षभर या माणसाच्या बोटाला धरून मी चालले होते, आणि याला रस्ता माहीतच नव्हता. शिवाय माझं पहिलं पुस्तक पुरं झालंच नव्हतं. तसबिरीसमोर उभी राहून मी थाप मारून आले होते. सोळा पानं गाळली होती.

चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. पहिल्याच दिवशी डबा न खाता खरा सातवा फर्मा वाचून काढला. त्यात प्रधान सोळाच्या सोळा पानं कालव्याच्या पाण्यावर चर्चा करतात. राणी दोनदा जांभई देते. माझा फर्मा सरस होता, हे मी आजही कुणापुढेही म्हणेन. पण पुस्तक आता पुरं झालं होतं, आणि ते झाल्यावर राग जरा उतरला.

काकांचं मात्र बिनसलं. दोन्ही पुस्तकं त्यांनी उसवून पुन्हा शिवली आणि प्रत्येक फर्मा माझ्याकडून वाचून घेतला. त्या आठवड्यात काउंटरवरच्या बेननी एका नर्सला खाली पाठवलं, तर तिला म्हणाले, मला काही समजत नाही बेन, वर कुणी शिकलेलं असेल त्याला विचारा. इतका ताठ माणूस, खाली मान घालून बोलला. ती मुलगी गोंधळून उभी राहिली. मीच ढिगातून चिवडावाली काढली, कड दाखवली, डाग दाखवला आणि तिला दिली.

पाचव्या दिवशी, मी न विचारता, शिवता शिवता काकांनी सांगितलं. ते अकराव्या वर्षी बांधणीच्या कामाला लागले. उस्तादाचा नियम होता की बांधणाऱ्यानं मजकूर वाचायचा नाही. वाचत बसला की हात थांबतो. नजर मजकुरावर गेली की बोटांवर पट्टी बसायची. नजर फक्त खालच्या आकड्यावर. तशी सवय लागली ती लागलीच. अक्षर येत होतं, पत्र वाचता यायचं, दुकानाची पाटी वाचता यायची, पण पुस्तकाचं पान समोर आलं की डोळा आपोआप आकड्याकडे उतरायचा. लोक ही पुस्तकं इतकी का फाडतात याचं मात्र लहानपणापासून कुतूहल होतं. आत जाता येत नव्हतं, म्हणून बाहेरून बघत राहिले. एवढं सांगून ते म्हणाले, "तुम्ही पहिल्या, ज्यांनी मला आतलं सांगितलं."

तेव्हा मला कळलं की पुढे काय झालं म्हणून विचारायचे ती परीक्षा नव्हती. राग पार गेला, आणि त्याच्या जागी एक हट्ट येऊन बसला. मी म्हटलं, काका, तुमची निवड एकदाही चुकली नाही, चुकली ती शिवण. आता तुम्ही वाचायचं. ते म्हणाले, आता या वयात? मी म्हटलं, सोळा पानांना कुणी घाबरत नाही. त्यांनी पट्टी आपटली आणि चहा प्यायला निघून गेले.

ते राहूनच गेलं. वर संगणक आले, बांधणीचं काम बाहेर कंत्राटानं द्यायचं ठरलं, आणि त्याच सुमारास काका निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, साहेब दोन शब्द बोलले, खोलीला कुलूप लागलं. मला वर काउंटरच्या मागे घेतलं. नवखे लोक आता माझ्याकडे यायचे. मी कड बघायचे, चिठ्ठी बघायचे, डाग बघायचे, आणि माझ्या पदरची एक गोष्ट वाढवायचे: पहिल्या सोळा पानांत कुणीतरी चांगलं अडचणीत सापडायला हवं, आणि तोवर आपल्याला लक्षात ठेवायला लागणारी माणसं चार-पाचच हवीत. काकांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते की त्यासाठी आत जावं लागतं.

म्हणून मी दुकानात जाऊन ती यानाची कादंबरी नवी कोरी विकत आणली. काकांच्याच जुन्या सुरीनं शिवण उसवली. नवं पुस्तक फाडणं जिवावर आलं माझ्या, पण फाडलं. पहिला फर्मा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि रविवारी लुनावरून मांजलपूरहून थेट समाला गेले, गावाच्या या टोकाहून त्या टोकाला. तिथं एका सोसायटीत काका मुलाकडे राहत. सून बाहेर गेली होती, काकांनी स्वतः चहा केला. फर्मा बघितला आणि ओळखला. म्हणाले, चांगली चोपडी फाडलीत. मी म्हटलं, हो, आता ती फुकट घालवू नका.

पहिला फर्मा तीन आठवडे त्यांच्याकडे पडून होता. डोळे दुखतात, नातू त्रास देतो, चष्मा सापडत नाही. मी दर रविवारी जायचे आणि समोर बसून राहायचे. मी आकड्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून दिल्या, म्हणजे खाली उतरायला डोळ्याला जागाच नको. मग हळूहळू सुरू झालं. त्यांचेही ओठ हलत. पहिला संपल्यावर त्यांनी फक्त एवढं विचारलं की तो कप्तान लबाड आहे काय. मी म्हटलं, मी सांगितलं तर तुम्ही काय वाचणार? दर फर्मा परत यायचा तो कोरा, कडा जुळवलेला, वर्तमानपत्रात चौकोनी गुंडाळलेला. ते वाचतात की मला बरं वाटावं म्हणून परत करतात, हे मला कळत नसे. सहाव्यापर्यंत ही शंका माझ्या मनात होती.

सातवा दिला तो रविवार गेला. पुढच्या रविवारी मी पोचले तर काका दारातच उभे. पुडकं नेहमीसारखं नव्हतं, कसंतरी गुंडाळलेलं होतं. ते पुढे करताना माझ्याकडे बघेनात. मी तिथंच उघडलं. एकशे नवव्या पानावर, जिथं काळोखात पहिला माणूस डोळे उघडतो, तिथं कडेला एक आख्खा अंगठा उमटला होता. पिवळसर, तेलाचा, बटाट्याच्या ओल्या चिवड्याचा. शेजारी मिठाचे दोन कणही चिकटले होते.

"हात धुवायचं राहिलं," काका म्हणाले. "आठवा आणलाय ने?"